चिमणा कुठे गेला? बालकथा आणि लिंगभाव : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

गिजुभाई बधेकांना गुजरातेत ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशाळ आई. वकिली सोडून मुलांत रमलेला हा माणूस. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झालं. तिथे त्यांनी मुलांना गोष्टी सांगितल्या आणि गोष्ट कुणाला, कोणती, कशी सांगावी यावर ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथच लिहिला. ताराबाई मोडक १९२३मध्ये त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या आणि तिथलं शहाणपण गाठीशी बांधून पुढे बोर्डीला, कोसबाडला आल्या. मराठी बालवाडीत आज गोष्टीला हक्काची जागा आहे, त्याचं एक मूळ भावनगरात सापडतं.

‘मूछाळी मा’ या उपाधीपाशी जरा थांबायला हवं. ती प्रेमाने दिलेली होती, यात शंका नाही. पण लहान मुलांपाशी बसणं, त्यांची नाकं पुसणं, त्यांना गोष्टी सांगणं हे काम एखादा पुरुष मनापासून करू लागला, की त्याला चांगला बाप म्हणायचं कुणाला सुचत नाही. आईलाच मिशा लावाव्या लागतात. आपल्याकडे साने गुरुजींचं तेच झालं. ‘मातृहृदयी’ हे विशेषण त्यांना असं चिकटलं की पितृहृदयी असंही काही असू शकतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. ज्यांना त्या हळवेपणाचं वावडं होतं, त्यांनी गुरुजींना रडके ठरवलं. गोष्ट सांगणाऱ्या माणसाभोवतीच लिंगभावाची एवढी गुंतागुंत असेल, तर त्याच्या गोष्टीत ती किती असेल? या अभ्यासक्षेत्रात शिरायचं ते इथून.

क्षेत्र तसं तरुण आहे. बालमानसशास्त्र, बालशिक्षण आणि बालसाहित्याची समीक्षा या तिघी जिथे एकमेकींच्या अंगणात येतात, तिथे ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उभं राहिलं. ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ हे प्रकरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना कसं समजतं, त्यात न बसणाऱ्या माणसांकडे ती कशी बघतात, आणि गोष्ट ऐकताना, सांगताना, करून दाखवताना त्यांच्या या समजुतीचं काय होतं, हा त्याचा पसारा. लैंगिक शिक्षण हा वेगळा विषय. चर्चेत दोन्हींची गल्लत हमखास होते, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. फ्रॉक कुणी घालायचा, रडायचं कुणी, राजा कुणी व्हायचं आणि भाकरी कुणी थापायची, यावर बालवाडीत जी भांडणं होतात, ती आपली अभ्याससामग्री.

नव्या वाचकाला पहिला धक्का बसतो तो मुलांच्या कर्मठपणाचा. मूल म्हणजे कोरी पाटी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणवू लागतं, आणि पाच-सहाव्या वर्षी या बाबतीत ते घरातल्या सगळ्यात सोवळ्या आजीपेक्षा सोवळं झालेलं असतं. सात-आठच्या पुढे पकड पुन्हा थोडी सैल होते. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६मध्ये मांडलं की आपण मुलगा किंवा मुलगी आहोत हे कायमचं आहे, कपडे आणि केस बदलून ते बदलत नाही, ही समज मुलाला हळूहळू, टप्प्याटप्प्याने येते. सँड्रा बेम यांनी १९८१मध्ये रोख बदलला. मूल जगातली प्रत्येक गोष्ट दोन खणांत टाकायला शिकतं, कारण भोवतालची मोठी माणसं त्या दोन खणांना नको तेवढं महत्त्व देतात, असं त्यांचं म्हणणं. बेम घरीही स्वस्थ बसल्या नाहीत. आपल्या मुलांसाठी आणलेल्या चित्रपुस्तकांवर त्या व्हाइटनर आणि मार्कर घेऊन बसत. पुस्तकातले ट्रक ड्रायव्हर, डॉक्टर, वैमानिक सगळे पुरुष; बेम त्यांना लांब केस काढून बायका करून टाकत. एका मानसशास्त्रज्ञ बाईला दुकानातलं पुस्तक मुलांच्या हाती देण्याआधी अशी डागडुजी करावी लागली, हे त्या काळच्या बालसाहित्यावरचं भाष्यच आहे.

पण पात्र बदललं की मुलाची समजूत बदलते का? या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक, आणि आपल्यासारख्या उत्साही लोकांना सगळ्यात अडचणीचं उत्तर ब्रॉनविन डेव्हिस यांनी १९८९मध्ये दिलं. त्यांचं ‘फ्रॉग्ज अँड स्नेल्स अँड फेमिनिस्ट टेल्स’ हे पुस्तक ऑस्ट्रेलियातल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांवर आहे. त्यांनी मुलांना ज्या स्त्रीवादी गोष्टी वाचून दाखवल्या, त्यांत रॉबर्ट मन्श यांची ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ ही होती. या गोष्टीचा जन्मही मासलेवाईक आहे. मन्श एका पाळणाघरात काम करत आणि मुलांना ड्रॅगनच्या गोष्टी रचून सांगत. दर वेळी राजपुत्र राजकन्येला सोडवायचा. तिथेच काम करणाऱ्या त्यांच्या बायकोने विचारलं, राजकन्येने राजपुत्राला का नाही सोडवायचं? त्यातून ही गोष्ट झाली. पुस्तकरूपात ती १९८०मध्ये कॅनडात आली. ड्रॅगन राजवाडा जाळतो, राजकन्या एलिझाबेथचे कपडेही जळतात आणि तो रोनाल्ड नावाच्या राजपुत्राला उचलून नेतो. एलिझाबेथ कागदाची पिशवी अंगात घालून मागे जाते, ड्रॅगनला शक्तीचं प्रदर्शन करायला लावून दमवते आणि रोनाल्डपर्यंत पोचते. रोनाल्ड तिला म्हणतो, काय हा अवतार, आधी राजकन्येसारखी होऊन ये. ती त्याला त्याची लायकी सांगते आणि लग्न मोडते.

मोठ्या माणसाला ही गोष्ट इतकी स्पष्ट वाटते, की तिचा काही वेगळा अर्थ निघू शकेल हे डोक्यातच येत नाही. मुलांनी तो काढला. काहींना रोनाल्डच नायक वाटला. काहींचं मत पडलं की त्याचं बरोबरच आहे, ती घाणेरडी दिसत होती, आधी आंघोळ करायला हवी होती. काहींनी शेवटच दुरुस्त केला : ती जाऊन चांगले कपडे घालून आली असती तर लग्न झालं असतं. मुलांनी गोष्ट ऐकली होती, पण आपल्याजवळ आधीपासून असलेल्या गोष्टीत बसवून. राजकन्या कशी असते हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकातली चुकली होती, एवढंच.

या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने डेव्हिस यांचा हा भाग सुरुवातीलाच वाचावा, असं माझं मत आहे. त्याने दोन गोष्टी होतात. ‘योग्य’ पुस्तकांची यादी करून ती शाळांना वाटली की काम झालं, ही समजूत मोडते. आणि असल्या गोष्टींनी मुलं बिघडतील, गोंधळतील, ही धास्तीही जाते. एका गोष्टीने मूल बदलत असतं, तर इसापनीती ऐकून वाढलेला आपला समाज केवढा शहाणा असायला हवा होता!

मग गोष्टीचा उपयोग काय? याचं उत्तर मला शिकागोतल्या एका बालवाडी शिक्षिकेच्या लिखाणात सापडतं. व्हिव्हियन गसिन पेली यांनी शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवलं आणि मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, लिहून काढलं. १९८४च्या ‘बॉइज अँड गर्ल्स’ या पुस्तकात त्यांचा वर्ग दिसतो : मुली बाहुल्यांच्या कोपऱ्यात, मुलगे सुपरहीरो होऊन धावताहेत, आणि बाई मनातून मुलींच्या शांत खेळाच्या बाजूच्या. हे पेलीबाईंना लिहिता लिहिता कळत जातं आणि त्या ते लपवत नाहीत. मोकळ्या खेळाचा वेळ त्यांनी वाढवला, तेव्हा पळून पळून दमलेले मुलगे आपणहून चित्रं काढायला टेबलापाशी येऊ लागले. म्हणजे ‘मुलगे बसत नाहीत’ हा जो स्वभाव वाटत होता, त्यातला बराच भाग वेळापत्रकाचा होता.

पेलींची पद्धत साधी होती. मूल गोष्ट सांगतं, बाई ती जशीच्या तशी लिहून घेतात, आणि मग सगळा वर्ग गोल बसतो व ती गोष्ट करून दाखवली जाते. कोण काय होणार हे आधी गोष्ट सांगणारं मूल ठरवत असे. पुढे, ‘यू कान्ट से यू कान्ट प्ले’ या १९९२च्या पुस्तकात, पेलींनी नियम बदलला : गोलात ज्याची पाळी, त्याच्या वाट्याला पुढची भूमिका. राणीच्या वेळी एखाद्या मुलाची पाळी येते, राक्षसाच्या वेळी एखाद्या मुलीची. उपदेशाचं अक्षरही न बोलता मुलाला अर्ध्या मिनिटासाठी वेगळं कुणी होऊन पाहायची सवलत मिळते, आणि कुणी हसलं तरी ‘पाळी होती’ ही सबब हाताशी असते. ही सबब फार मोलाची आहे. चाकोरीबाहेर वागू पाहणाऱ्या मुलाला धाडसापेक्षा आडोशाची गरज जास्त असते, असं मला वाटतं.

आता मराठीकडे. आपल्या भाषेत या कामाची एक अडचण आहे, जी इंग्रजीतल्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ती येत नाही. मराठी गोष्टीतलं पात्र तोंड उघडतं तेव्हाच त्याचं लिंग ठरतं. ‘मी निघालो’ की ‘मी निघाले’, यातून सुटका नाही. वर्तमानकाळातही ‘जातो’ आणि ‘जाते’ आहेच. शिवाय प्राण्यांची वाटणी आपल्या जन्माआधीच होऊन गेली आहे : हत्ती, ससा, कोल्हा, कावळा हे सगळे ‘तो’, मुंगी, खार, चिमणी, माशी या ‘ती’. सुनीती नामजोशींचं उदाहरण घ्या. फलटणच्या नाईक निंबाळकरांशी आजोळचं नातं असलेली ही लेखिका इंग्रजीत लिहिते. तिच्या अदितीबरोबर एक माकड, एक हत्ती आणि एक मुंगी प्रवासाला निघतात. ही मंडळी मराठीत आणायची झाली, तर अनुवादकाने काही ठरवण्याआधीच व्याकरणाने हत्तीला पुरुष आणि मुंगीला बाई करून टाकलेलं असेल.

पण ज्या व्याकरणाने ही कोंडी केली, त्यातच वाटही आहे. आपल्याकडे ‘ते’ आहे. पिल्लू, कोकरू, पाडस, वासरू, मांजर, पाखरू, बाळ, मूल, पोर : लहानपणीचं जवळजवळ सगळं जग नपुंसकलिंगी. ‘एक पिल्लू होतं, ते एकदा रानात गेलं’ अशी गोष्ट सांगायला आपल्याला भाषेची मोडतोड करावी लागत नाही. मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत तर लहान मुलीलाही नपुंसकलिंगी रूप लागतं. उलट बाजूने, कितीतरी मराठी घरांत मुलीला लाडाने ‘अरे बाळा, जेवलास का’ असं म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. (मुलाला लाडाने ‘जेवलीस का गं’ म्हणणारं घर मात्र विरळा. तो टोमणा होतो. या एवढ्या फरकावर एखाद्याने प्रबंध लिहावा.) ‘ते पिल्लू’ पुढे काय झालं, तो की ती, हे मुलांनाच ठरवू द्यावं, आणि त्यांनी ते कशावरून ठरवलं ते लिहून घ्यावं. शूर निघालं म्हणून ‘तो’, घाबरलं म्हणून ‘ती’, अशी उत्तरं येऊ लागली की आपल्या हाती खरं काहीतरी लागलं असं समजावं.

नव्या गोष्टी शोधत हिंडण्याआधी जुन्या नीट वाचाव्यात. चिऊ आणि काऊची गोष्ट घ्या. मराठी मुलाची ती बहुधा पहिलीच. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो, आणि ती एकेक सबब सांगून त्याला ताटकळत ठेवते. त्या सबबी काय आहेत? बाळाला न्हाऊ घालते आहे, अंग पुसते आहे, तीट लावते आहे, खाऊ घालते आहे, निजवते आहे. गोष्टीची सगळी मजा या कामांच्या न संपणाऱ्या यादीत आहे, आणि मूलही ती यादी पाठ म्हणतं. घर तिचं, ते बांधलं तिने, दार उघडायचं की नाही हे ठरवणारीही तीच. पण चिमणा कुठे आहे? बालवाडीत हा प्रश्न नुसता टाकून बघावा. ऑफिसला गेला, गावाला गेला, झोपला, दाणे आणायला गेला : उत्तरं मुलांच्या घरातून येतील. मग पुढच्या वेळी चिमणा घरी आहे आणि चिमणी बाहेर गेली आहे असं धरून तीच गोष्ट मुलांनाच सांगू द्यावी. बाळाला न्हाऊ घालायला चिमण्याला जमतं की नाही, यावर वर्ग दुभंगेल. दुभंगू द्यावा. निवाडा बाईंनी देऊ नये.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी दुसरी. एकटी, म्हातारी, रानातून जाणारी बाई वाघाला केवळ बुद्धीने बनवते. एलिझाबेथने ड्रॅगनला बनवलं त्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई आपल्याकडे आहे. तिला आपण कधी स्त्रीवादी म्हटलं नाही, ते बरंच केलं.

आणि जनाबाई. नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो, धुणं धुतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. मुलांना तिथे नेता आलं तर उत्तम. कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव खाली बसून जात्याचा खुंटा धरतो, हे चित्र चार वर्षांच्या मुलाला लगेच पटतं. त्याला अडचण येत नाही, आपल्याला येते. हाच देव विठाई आहे, ज्ञानेश्वर माउली आहेत, आणि आषाढीच्या वाटेवर बंदोबस्ताचा हवालदारही माउलीच असतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. असली उदाहरणं सापडू लागली की अभ्यासक हुरळतो आणि सगळं एका माळेत ओवतो : अर्धनारीनटेश्वर, मोहिनी, शिखंडी, बृहन्नडा, बालगंधर्व, यल्लम्मा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे जोगते. ही माळ खोटी आहे. विठ्ठल दळतो तेव्हा कामाची वाटणी मोडते. अर्जुन बृहन्नडा होतो तो अज्ञातवासात लपण्यासाठी, आणि तेही उर्वशीच्या शापामुळे. शापाचा भाग ठळक केला तर वेगळं असणं ही शिक्षा आहे, असा अर्थ मूल घेऊन जाईल. त्यापेक्षा उत्तरेला नाच शिकवणारा आणि वेळ आली तेव्हा उत्तराचा रथ हाकणारा एक माणूस, एवढंच सांगावं. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगभूमीवर भामिनी आणि सिंधू झाले, त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल बायकांनी केली. ती नटाची कला होती. जोगत्यांचं आयुष्य ही कला नव्हे आणि रूपकही नव्हे. मुलाच्या पातळीवर सांगताना हे भेद शब्दांत मांडता येणार नाहीत, पण सांगणाऱ्याच्या डोक्यात ते असायलाच हवेत.

कारण शेवटी रूपकांपलीकडची माणसं येतात. लोकलमध्ये टाळी वाजते आणि मांडीवरचं मूल मोठ्याने विचारतं, आई, हे काका आहेत की काकू? आई खिडकीबाहेर बघते. त्या क्षणी मूल जे शिकतं, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं बसतं : या माणसाविषयी बोलायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली, २०१९मध्ये संसदेने कायदा केला, २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुली आणि पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी निधीची तरतूद सांगितली. पण २०२१मध्ये एनसीईआरटीने शाळेतल्या पारलिंगी मुलांविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून उतरवलीही. शिक्षक पुन्हा मोकळ्या हाताने उभा.

पुस्तकं अगदीच नाहीत असं नाही. कनक शशी यांची हिंदीतली ‘गुठली तो परी है’ बघावी : घरचे मुलगा म्हणतात, गुठलीला मात्र आपण परी आहोत असं वाटतं आणि बहिणीसारखा फ्रॉक हवा असतो. गोष्ट भाषण देत नाही, फ्रॉकपासून हलत नाही, आणि म्हणूनच ती लहान मुलाला कळते. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली. एका चित्राची बातमी व्हावी इतके आपण मागे होतो. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत आणि त्यांनी वाढवलेली मुलगी २०१७मध्ये व्हिक्सच्या जाहिरातीतून घराघरात पोचल्या. आई आणि मुलगी, एवढीच ती गोष्ट आहे. तिचं मराठी चित्रपुस्तक व्हायला हरकत नसावी.

पालकांच्या विरोधाबद्दल फार लिहीत नाही. तो असतो, आणि तो सगळाच दुष्टपणातून येत नाही. एक पथ्य मात्र पाळावं : वर्गातल्या एखाद्या मुलाकडे बघून त्याच्यासाठी म्हणून गोष्ट निवडू नये. बांगड्या आवडणाऱ्या मुलाच्या समोर बांगड्या आवडणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली, की वर्गातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. गोष्ट सगळ्यांची राहिली तरच त्याला तिच्यात जागा मिळते. आणि मुलाने काही सांगितलं तर ते ऐकावं. त्या सांगण्याला नाव द्यायची घाई आपण करू नये आणि मुलालाही करायला लावू नये.

मराठीत या विषयावर काम करू पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त जाणवतं ते साधनांचं दारिद्र्य. डेव्हिस आणि पेली यांच्याकडे मुलांचे शब्द होते; आपल्याकडे मुलांविषयीची मोठ्यांची मतं आहेत. महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथे मुलांचं वजन, उंची, हजेरी आणि आहार नोंदवायला वह्या आहेत. गोष्ट ऐकून मूल काय बोललं, हे नोंदवायला त्यांतल्या एकीतही रकाना नाही. म्हणून हे वाचणाऱ्या अंगणवाडीतल्या ताईंना, बालवाडीच्या शिक्षकांना आणि आईबापांना विनंती एवढीच : एक वही वेगळी ठेवा. तीत मुलाचं नाव लिहू नका; वय, तारीख, कोणती गोष्ट सांगितली, आणि मूल काय म्हणालं ते त्याच्या बोलीत, शुद्धलेखन न सुधारता, जसंच्या तसं लिहा.